कहकशाचा डबा कुणी वाजवायचा

शाळेत मला ताई म्हणणारे लोक फक्त पहिलीच्या वर्गात आहेत, म्हणून मी शनिवारची वाट बघते. शनिवारी दप्तर नसतं आणि आमच्या पाचोऱ्याच्या शाळेत नववीच्या मुली छोट्यांना शिकवतात. काय शिकवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी ठरवलं, वर्गात गुलाबाई बसवायची.

कोनाड्यात मातीची गुलाबाई, शेजारी तिचा नवरा गुलोजी. माहेरी आलेली बाई ती, तिच्यासमोर सासरच्या कागाळ्या गायच्या आणि शेवटी खाऊ ओळखायचा. ज्याचा खाऊ त्याने झाकलेला डबा कानाशी वाजवायचा, बाकीच्यांनी विचारायचं, गोड की तिखट, तळलेलं की भाजलेलं. नाहीच ओळखता आलं तर सगळ्यांनी मोठ्यांदा ‘हरलो’ म्हणायचं. एवढा सोपा खेळ.

पण पहिल्याच शनिवारी घोळ झाला. पोरं डबा ऐकेनात. वाजवणाऱ्याचं तोंड बघून उत्तर देऊ लागली. कहकशाने डबा वाजवला, आत छान खडखड झाली, आणि भूपेंद्र म्हणाला, “कोंबडी.”

वर्ग हसला.

“कोंबडी अशी वाजते का रे?” मी विचारलं.

“तिच्याकडं तेच असतं, ताई.”

कहकशाने डबा उघडलाच नाही. मांडीत धरून बसली. तिचे अब्बा खाजाभाई बसस्टँडजवळ गाद्या भरतात. ते न्यायला आले तेव्हा तिने माझी ओढणी ओढली. “ताई, पुढच्या शनिवारी मी येऊ का घरीच थांबू?”

सहा वर्षांची पोर हे विचारते. माझं डोकंच फिरलं. “येशील,” मी म्हणाले. “आणि डबा घेऊन येशील.”

मधल्या दिवसांत भूपेंद्रची आजी, धुरपदाबाई, कहकशाच्या डब्याची तक्रार घेऊन शाळेत येऊन गेल्या. मग मुख्याध्यापिका पुष्पाबाई मॅडमनी मला बोलावलं.

“मेघा, त्या मुलीला टाळ्या वाजवायला बसव. तिचा डबा नको. लहान लेकरं आहेत, त्यांना यातलं काय कळतं?”

“कळतं ना मॅडम. कोंबडी कळलीच की.”

“उलट बोलायला कधी शिकलीस गं?”

“यंदा.”

खरंच यंदा. मागच्या वर्षी मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचे. गावाहून एसटीने येणारी मी, वर्गात एकदा ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणाले तर मुली आठवडाभर ‘काय शे, कुठे शे’ करत मागे लागल्या होत्या. यंदा मी फळ्यासमोर उभी राहून अहिराणीत विनोद सांगते आणि त्याच मुली पोट धरून हसतात.

तर शनिवारी मी घरून रद्दीचा गठ्ठाच आणला. पोरं यायच्या आत दारात उभी राहिले, एकेकाचा डबा घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळून गुलाबाईपुढे ठेवला. वर हात फिरवून सगळे डबे इकडचे तिकडे केले. आता कुठला कुणाचा ते मलाही ठाऊक नव्हतं. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

गाणी झाली. मॅडम आल्याच.

“मी काय सांगितलं होतं? तो डबा बाजूला काढ.”

“कुठला, मॅडम?”

“शहाणपणा नको.”

“बठ्ठा डबा सारखाच शेतस, मॅडम. सगळे सारखे. तुम्हीच ओळखा. वाजवून बघा.”

कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमचा चेहरा ताठ झाला. त्यांनी खरंच एक डबा उचलला, हलवला, दुसरा उचलला. दुसऱ्यातून काहीतरी धपधपलं. “हाच,” म्हणाल्या आणि तो दाराबाहेर ठेवायला निघाल्या. कागद फाटला होता, झाकणावरचं बदकाचं चित्र दिसत होतं.

भूपेंद्रने भोकाड पसरलं. “हाऊ मना डबा शे! मना लाडू शेतस!”

मॅडम थबकल्या. मला तर नाचावंसं वाटत होतं. तेवढ्यात कहकशा उठली.

ती माझ्याकडे आलीच नाही. सरळ डब्यांपाशी बसली आणि एकेक डबा कानाशी धरून हलवू लागली. हा नाही. हा पण नाही. मग एका डब्याशी थांबली, वरचा कागद टराटरा फाडला आणि चुरगळून माझ्या हातात दिला.

“ताई, माझा डबा लपवू नका,” ती म्हणाली. “हा माझा आहे. माझ्या दादीने भरलाय. आता ओळखा.”

कागदाचा बोळा घेऊन मी उभी. माझी एवढी मोठी युक्ती तिला नकोच होती.

मी मॅडम आणि तिच्या मधे जाऊन उभी राहिले. “वाजव कहकशा.”

तिने वाजवला. या वेळी पोरांनी कान टवकारले. भूपेंद्र बाही नाकाला लावत पुढे सरकला.

“गोड का तिखट?”

“गोड.”

“भाजलेलं?”

“तळलेलं.”

“शंकरपाळे. करंजी. अनारसे.”

“नाही, नाही, नाही.” तिची मान डोलत होती, आणि दर नाहीला ती थोडी उंच होत होती.

पोरं दमली. मी म्हणाले, “काय म्हणायचं मग?”

“हरलोऽऽ.”

कहकशाने मॅडमकडे पाहिलं. “तुम्ही ‘हरलो’ नाही म्हटलं.”

मॅडमनी बदकवाला डबा भूपेंद्रला परत दिला. “मला कामं आहेत,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “सोमवारी वडिलांना घेऊन ये.”

“नाना येतील मॅडम. त्यांनाही ओळखायला लावते.”

त्या गेल्या. कहकशाने झाकण काढलं. आत चोंगे होते, गव्हाच्या पिठाचे, गुळाचे, वरून जाळीसारखी नक्षी दाबलेले. आधी एक तिने गुलाबाईपुढे ठेवला. दुसरा भूपेंद्रपुढे धरला.

“आजी रागवेल,” तो म्हणाला.

“मग नको खाऊ,” ती म्हणाली आणि हात मागे घेऊ लागली.

त्याने तिचं मनगट पकडलं. चोंगा घेतला, चावला, बराच वेळ चावत राहिला. मग आपला बदकवाला डबा तिच्यासमोर सरकवला. “तू पण ओळख. पण उघडायचं नाही हां.”

“लाडू,” कहकशा म्हणाली. “तूच ओरडून सांगितलंस.”