चंदेरी टेपवरचा ठसा

तपकिरी, नखाएवढा. चाचणीच्या भट्टीत घालण्यापूर्वी तो कुणाला दिसला नव्हता. आता मात्र चंदेरी टेपच्या ऐन मध्यावर, घासलेल्या ताटाला राहिलेल्या खरकट्यासारखा… तिने नाक मुरडलं.

विद्यार्थ्यांनी बांधलेला उपग्रह म्हणजे वीतभर डबा. आत ऊब देणारं किंवा गारवा देणारं काही नाही, तेवढी वीज आणायची कुठून? ही टेप आणि थोडा पांढरा रंग, एवढ्याच्या भरवशावर बॅटरी उन्हात भाजायची नाही आणि सावलीत गोठायची नाही. म्हणूनच टेपला उघड्या बोटाने शिवायचं नाही – बोटाचं तेल भट्टीत करपतं, आणि तो डाग मग वर जाऊन ऊन पीत बसतो. हा नियम तिनेच लिहून दारावर चिकटवला होता.

"घामटचं काम, दुसरं कोण!" सर नीट न बघताच म्हणाले होते. "संध्याकाळी गटाच्या यादीतून नावच काढतो त्याचं."

घामट म्हणजे प्रयोगशाळेतला तिचा दोन वर्षांचा जोडीदार. त्याच्या तळहातांना बारा महिने घाम. त्याने वापरलेला माउस ती पुसून घ्यायची, त्याने दिलेला पेन दोन बोटांत धरायची – सर बोलले तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. खोटं कशाला बोला?

डागाची टेप काढून नवी लावायची होती. ती भिंग घेऊन वाकली. आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, मावशी म्हणायची… ठशाच्या बारीक रेषा तोडत एक तिरकी, सरळ रेघ गेली होती.

हातमोजा काढून अंगठ्यावरचा व्रण बघायची गरजच नव्हती. पहिल्या वर्षी टेप कापताना ब्लेड लागलं होतं तिच्या अंगठ्याला, आणि घामटनेच तो आपल्या ओल्या मुठीत घट्ट दाबून धरला होता, रक्त थांबेपर्यंत. नंतर तिने तीनदा साबण लावला होता – रक्तासाठी? छे! आणि गेल्या आठवड्यात टेपच्या मध्यावर हवेचा फुगा राहिला होता, हातमोजे पलीकडच्या टेबलावर, म्हटलं अंगठ्याने दाबलं तर काय होतंय…

"येऊ का?" घामट दारातच उभा होता, उंबऱ्याबाहेर. "मी टेपला शिवल्याचं आठवत नाही गं. पण शिवलो असेन. माझे हात कसले, तुला माहीतच आहे."

"हं," ती म्हणाली.

एवढंच. त्या 'हं'ची तिला शिसारी आली, माउस पुसताना कधी आली नव्हती एवढी.

"नवी टेप तूच लाव," तो म्हणाला. "तुझे हात कोरडे असतात."

शेजारच्या खोलीत सरांची खुर्ची कुरकुरत होती. दहा पावलं. चिमट्यात टेपचा कोपरा होता. एकदा ओढला की ठसा गेला, विचारणारं कुणी नाही… तिला ओढवेना, सोडवेना. हातमोज्याच्या आत तिचा अंगठा घामाने निथळत होता.