हॉलिस प्रूइटच्या भट्टीचं झाकण

सकाळच्या वादळानंतर लख्ख ऊन पडलं, तेव्हा अख्ख्या गावात त्या उन्हाला शिव्या घालणारी मी एकटीच होते.

वादळ न्याहारीच्या वेळी येऊन गेलं होतं. झाडं पडली, विजेचे खांब आडवे झाले, फोनचा मनोरा वाकला. माणूस मात्र एकही दगावला नाही, त्यामुळे लोकांचा जीव भांड्यात पडला होता. आमच्या अलाबामाच्या या कोपऱ्यात लोकांचा एक ठाम समज आहे, की दिवसाचं काय ते संकट एकदाच येतं. ते येऊन गेलं की मोकळं व्हायचं. आणि वीज गेली की फ्रीझरमधलं मांस वाया जाऊ द्यायचं नाही, ते घेऊन सगळ्यांनी चर्चच्या अंगणात जमायचं. तिथे माझे वडील हॉलिस प्रूइट आपली भट्टी पेटवतात आणि सगळं गाव जेवून घरी जातं. वादळ म्हटलं की इथल्या पोराटोरांना आधी डॅडींच्या हातचं भाजलेलं डुक्कर आठवतं.

मी शहरातल्या हवामान कार्यालयात काम करते. आमचाही अंदाज थोडाफार गावकऱ्यांसारखाच होता. सकाळच्या वादळाने मागे गार हवा सोडली आहे, ती दुपारच्या वादळांची ताकद मारून टाकेल, असं आम्ही धरून चाललो होतो. तरी खात्री करायला दुपारी आम्ही वरची हवा मोजणारा एक जादा फुगा सोडला. तो चढता चढता आकडे पाठवू लागला आणि खोलीतल्या गप्पा हळूहळू बंद पडल्या.

गार हवा टिकली नव्हती. दक्षिणेकडून, आखाताकडून दमट हवा पुन्हा आत घुसली होती आणि उन्हाने तापत होती. तिच्या डोक्यावर कोरड्या, उबदार हवेचा एक थर झाकणासारखा बसला होता. असं झाकण घट्ट असलं की खालची वाफ वर जात नाही, ढग उभे राहत नाहीत, दिवस नुसता घामाघूम होऊन मावळतो. पण आजचं झाकण दर तासाला पातळ होत होतं. त्याच्या वर वारा थराथराला दिशा बदलत होता. खालची हवा एकीकडे आणि वरची दुसरीकडे धावली की मधली हवा दोन तळव्यांत कणकेची वळी फिरावी तशी फिरू लागते. आणि सकाळच्या गार हवेची कड नेमकी आमच्या तालुक्यावर आडवी पडून राहिली होती. ढगाने अशी कड पकडली, की त्याला जमिनीजवळच आयती फिरकी मिळते आणि त्यातून घरं उचलून नेणारी वावटळ खाली उतरते. सकाळच्या वादळाने दुपारचं संकट धुऊन नेलं नव्हतं, त्याच्यासाठी वाट आखून ठेवली होती.

"इशारे आम्ही देऊच," आमचे साहेब म्हणाले, "पण तुझ्या गावात ते ऐकणार कोण? वीज नाही, फोन नाही, भोंगाही मुका. तुझी ड्यूटी संपलीय ना? मग जा तू."

वाटेत गाडीच्या काचेवर बाहेरून धुकं धरत होतं, इतकी हवा दमट झालेली. खालचे ढगांचे पुंजके उत्तरेकडे पळत होते आणि त्यांच्या वरचे पूर्वेकडे.

चर्चच्या अंगणात जत्रा भरली होती. साठेक माणसं, त्यांची पोरं, कुत्री. जेवणाची टेबलं चर्चच्या मोठ्या हॉलमध्ये मांडली होती. पत्र्याचं रुंद छप्पर आणि मधे आधाराला एक खांब नाही, असा तो हॉल. वादळात उभं राहायला याहून वाईट जागा मला सुचली नसती. काँक्रीटचं शेल्टर अग्निशमन केंद्राच्या मागे होतं, गावाच्या दुसऱ्या टोकाला.

"आली बघा वादळबाई!" ड्युई लेडबेटर ओरडला. हा आमचा गाड्या दुरुस्त करणारा, भलताच फाटक्या तोंडाचा. "ब्रदर लॅनी, घंटा वाजवू का?"

लोक खो खो हसले. फेब्रुवारीत मी एका लग्नाच्या पंगतीतून सगळ्यांना उठवून शेल्टरमध्ये कोंबलं होतं. नवरीसकट. बाहेर झाडाचं पानही हललं नाही. तेव्हापासून मी वादळबाई. डॅडींना त्याची माझ्यापेक्षा जास्त लाज वाटली होती. दोन रविवार ते चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले.

मी आमचे पाद्री ब्रदर लॅनी यांना बाजूला घेतलं. "सगळ्यांना आत्ता शेल्टरमध्ये न्यायला हवं."

"रोवेना, बाळ, ऊन पडलंय बघ कसं छान."

"तेच तर सांगतेय! ऊन पडलंय! सगळं त्या उन्हानेच होणार आहे."

"लोक सकाळपासून झाडं तोडून दमलेत गं," ते कळवळून म्हणाले. "फेब्रुवारीनंतर मी पुन्हा उठवलं, तर पुढच्या रविवारी हे माझ्या तोंडून देवाचंही ऐकायचे नाहीत."

व्हर्नेल मावशीने माझ्या हातात मक्याच्या पावाची बशी कोंबली. "आधी दोन घास खा. रिकाम्या पोटी माणसाला सगळं वाईटच दिसतं."

मला रडू आलं. रागाने आलं. इतकी वर्षं शिकले, इतके फुगे उडवले, आणि शेवटी माझ्या हातात पावाची बशी. बशी तिथेच ठेवून मी भट्टीकडे गेले.

डॅडींची भट्टी म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांचा लांब हौद. वर पत्र्याचं झाकण, झाकणावर विटा. ते झाकण डॅडी म्हणतील तेव्हाच उघडतं. आईच्या मयतीच्या जेवणाला पाहुणे भुकेने कासावीस झाले होते, ब्रदर लॅनींनी दोनदा निरोप धाडला, तरी डॅडींनी ते वेळेआधी उघडलं नव्हतं. डोळे पुसत भट्टीपाशी बसून राहिले होते. गावात त्यांच्या शब्दापेक्षा त्यांच्या झाकणाला जास्त मान होता.

"डॅडी, चला. शेल्टरमध्ये. सगळ्यांना घेऊन."

"कधी येणारे?"

"सांगता येत नाही."

"पण येणार हे नक्की?"

खोटं बोलावंसं वाटलं. त्यांच्याशी नाही बोलता आलं. "नाही. नक्की नाही."

ते थुंकले. "फेब्रुवारीत तर नक्की होतं की तुझं."

"फेब्रुवारीत झाकण टिकलं."

"कसलं झाकण?"

"डॅडी, मला सांगा, हे तुमचं झाकण आत्ता मधेच वाऱ्याने उडालं तर?"

"भडका उडेल. आत चरबी टपकतेय सकाळपासून. हवा लागली की पेटेल सगळं."

"आज आभाळावर तसंच झाकण आहे. खाली दुपारभर दमट हवा शिजतेय. फेब्रुवारीत झाकण संध्याकाळपर्यंत बसून राहिलं, म्हणून मी सगळ्यांसमोर तोंडघशी पडले. आज ते उचललं जातंय. मी स्वतः फुगा सोडला, डॅडी. मी आकडे बघितलेत."

नैर्ऋत्येला चर्चच्या शिखरामागे एक ढग वर येत होता. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, कडा अगदी टणक. आम्ही बघत असतानाच तो दुप्पट उंच झाला. मग डॅडींची नजर भट्टीच्या धुरावर गेली. दुपारभर तो धूर उत्तरेला, हॉलच्या बाजूला जात होता. आता तो वळून त्या ढगाच्या दिशेने चालला होता, कुणी ओढून नेत असल्यासारखा.

"तो ढग हवा आत ओढतोय," मी म्हणाले.

डॅडींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग वाकून एकेक वीट उचलून गवतात टाकली आणि दोन्ही हातांनी झाकण वर केलं.

धुराचा लोट उठला आणि आत ज्वाळा चढू लागल्या. अंगणातला गोंगाट आधी भट्टीजवळ थांबला, मग टेबलांपर्यंत, मग हॉलच्या दारापर्यंत. कुणाच्या तरी हातातला डाव खाली पडला.

"हॉलिस!" ड्युई धावत आला. "अरे, कच्चं आहे ते! अजून संध्याकाळपर्यंत..."

"ठाऊक आहे. जाळी धर तिकडून."

"पण..."

"ड्युई, जाळी धर!" डॅडी गरजले. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "जेवण शेल्टरमध्ये. व्हर्नेल, म्हाताऱ्यांना आधी गाडीत घाल. पोरं मोजून घ्या. टेबलं राहू द्या तशीच."

एकानेही वाद घातला नाही. मी आकडे सांगून, हात जोडून जे झालं नाही, ते त्या अर्ध्या कच्च्या मांसाने केलं. हॉलिस प्रूइटने झाकण उघडलं म्हणजे काहीतरी भयंकर आहे, एवढं त्यांना पुरलं. मला त्याचं वाईट वाटायलाही वेळ नव्हता.

गाड्या निघाल्या. पाऊस नव्हता, नुसत्या गारा, आधी सुट्या सुट्या आणि मग टपावर दगड बसावेत तशा. शेल्टरच्या दारात उभं राहून मी माणसं आत ढकलत होते. ड्युई डुकराचे अर्धकच्चे खांदे पाठीवरून आत नेत होता. व्हर्नेल मावशी आत गेली, ब्रदर लॅनी गेले, कुत्रीही गेली.

"डॅडी कुठायत?"

"निखारे विझवून येतो म्हणाला," ड्युई म्हणाला. "उघडी आग सोडून यायचं नाही म्हणाला."

गावाच्या त्या टोकाला ढगाचा तळ खाली उतरला होता. तो सगळाच्या सगळा सावकाश फिरत होता, आणि त्याच्या पोटाखाली जमिनीवरून धूळ आणि पाचोळा गोल वर उठत होता. मी ओरडत सुटले. काय ओरडत होते ते आठवत नाही. दार लावा, दार लावा, असं आतून सगळे म्हणत होते.

तेवढ्यात डॅडींचा जुना ट्रक दिसला. पडलेल्या खांबापाशी तो अडला. ते उतरले आणि पळत निघाले. पंच्याहत्तरीचा माणूस, हातात अजून निखाऱ्यांवर पाणी ओतून रिकामी झालेली बादली. मी माझ्या वडिलांना जन्मात पळताना पाहिलं नव्हतं. मी बाहेर झेपावले, ड्युईने माझ्या कमरेला मागून पकडलं, मी डॅडींची बाही धरली आणि तिघंही आत कोसळलो. ब्रदर लॅनींनी दाराचा दांडा ओढला.

कानांत दडे बसले. मग तो आवाज आला. तो आवाज मी आयुष्यभर अभ्यासला होता, आणि त्याबद्दल मला काहीही ठाऊक नव्हतं. काँक्रीट थरथरत होतं. अंधारात चरबीचा वास, पोरांचं रडणं, आणि माझ्या हातात डॅडींची बाही. ती मी सोडली नाही.

दार उघडलं तेव्हा पलीकडे गाव फारसं उरलं नव्हतं. हॉलच्या जागी झाडून काढल्यासारखी स्वच्छ फरशी होती. एक टेबलही सापडलं नाही. भट्टीचे ठोकळे तेवढे जागच्या जागी होते. त्या दुपारी आमच्या राज्यात अशी वादळं एकामागून एक उठत राहिली, कुणी धरलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. ओढ्याकाठच्या पत्र्याच्या फिरत्या घरांतली आमची चार माणसं गेली. त्यांच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. मीही नाही. ते अजून सलतं.

शेल्टरच्या पायरीवर डॅडी माझ्या शेजारी बसले.

"तुला माहीत होतं, इथेच येणार?"

"नाही."

"नसतंही आलं?"

"न येण्याचीच शक्यता जास्त होती, डॅडी."

ते बराच वेळ बादलीची कडी खालीवर करत राहिले.

मे महिन्यात पुन्हा तसाच दिवस आला. दमट हवा, वर झाकण, फिरणारा वारा. हॉल बांधायला आलेल्या लोकांसाठी डॅडींनी नवं झाकण करून भट्टी लावली होती. मी कार्यालयातून त्यांना फोन केला. मी "डॅडी" म्हणाले आणि पलीकडे विटा पडल्याचा आवाज आला.

त्या दिवशी झाकण टिकलं. आभाळातलं. काहीही आलं नाही. ड्यूटी संपवून मी पोचले, तेव्हा सगळे शेल्टरबाहेर गवतात बसले होते आणि मावळतीचा प्रकाश छान पडला होता. ड्युईने मला पाहून तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

डॅडी मांस कापत होते. सुरी धड चालत नव्हती, इतकं ते चिवट राहिलं होतं. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावला.

"कसं झालंय?" मी भीत भीत विचारलं.

"चांगलं झालंय," डॅडी म्हणाले. "वाढ सगळ्यांना."