सुताराचं पोर मॅकिन्टायर

मित्रांनो, मी एक जुनं आडनाव आहे. मॅकिन्टायर. हसू नका, आडनावालाही जन्म असतो. स्कॉटलंडच्या डोंगरात एक सुतार होता. त्याच्या मुलाला तिथल्या गेलिक भाषेत लोक 'मॅक अन तूर' म्हणायचे, म्हणजे सुताराचा मुलगा. मुलगी असली तर 'निक अन तूर'. पुढे इंग्रजी कारकुनांना ते काही झेपेना. त्यांनी मला ठोकून ठाकून मॅकिन्टायर केलं, आणि मुलींचं 'निक' तर पुसूनच टाकलं. ते मला अजून लागतं.

माझी घरं जगात पुष्कळ आहेत. मी सांगतोय ते साउथहॅम्प्टनच्या एका घराबद्दल. तिथे हेक्टर राहायचा. जन्मभर जहाजांवर सुतारकाम केलं. बायको गेलेली, मूलबाळ नाही. धाकट्या भावानं तरुणपणीच नोकरीसाठी माझं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, 'राइट'. अर्थ तोच, सुतार. पण नंतर तो घराकडे फिरकलाच नाही. हेक्टर त्याचा फोटो पुसता पुसता म्हणायचा, "नाव सोडलंस ते सोडलंस, मला कशाला सोडलंस?"

२००७ साली शेजारी पुण्याचे श्रीकांत सुतार राहायला आले. बेसिंगस्टोकला आयटीत नोकरी, घरी बायको मीनल आणि नऊ वर्षांची वैभवी. त्यांचं मागचं दार अडकायचं, म्हणून हेक्टर रंधा घेऊन आला. वैभवीनं सहज सांगितलं, आमच्या सरनेमचा अर्थ कार्पेंटर. हेक्टरनं तिला दोनदा विचारून घेतलं. मग किती वर्षांनी तो मोकळा हसला. "म्हणजे तू निक अन तूर," तो म्हणाला. मला तर भरून आलं.

श्रीकांत अवघडले. म्हणाले, "आम्ही ते बदलतोय. फॉर्म भरून ठेवलाय. पुण्यात आडनाव सांगितलं की समोरचा आधी जात ओळखायचा, मग माणूस. मुलीच्या वाट्याला ते नको."

हेक्टरनं रंध्यातला भुसा झटकला. "तुमचं दुखणं मला कळणार नाही," तो म्हणाला. "पण माझा भाऊ असंच नाव बदलून दूर गेला. काय ठरलं ते मला सांगाल?"

फॉर्म तीन आठवडे ड्रॉवरमध्ये पडून होता. एका संध्याकाळी वैभवीनं विचारलं, "बाबा, मग आपला नाव काय होणार? मी निक अन तूर नाही राहणार?" तिचं व्याकरण कुणी सुधारलं नाही. श्रीकांतनी उठून फॉर्म फाडला. मीनल म्हणाली, "अहो, जाऊन सांगा ना त्यांना." ते म्हणाले, "आता जेवत असतील. उद्या सांगतो."

सकाळी हेक्टरच्या दारात ॲम्ब्युलन्स उभी होती. तो परत आला नाही.

अंत्यविधीला सहा माणसं होती. भाऊ आला नाही. दाराशी आलेल्यांच्या सह्यांसाठी वही ठेवलेली. पहिल्या पानावर मी होतो, हेक्टरच्या नावापुढे, त्या घरातला शेवटचा. श्रीकांतनी पेन घेतलं आणि माझ्या खाली देवनागरीत लिहिलं, 'सुतार'. तिथे ते सुतारांखेरीज कुणालाच वाचता येत नव्हतं. मला आलं.

मित्रांनो, तुमच्या आडनावाचा अर्थ घरी विचारा, त्याला जपा. आणि कुणी तुमच्या उत्तराची वाट बघत असेल, तर त्याचं जेवण चालू असलं तरी दार वाजवा. हेक्टरनं घास बाजूला ठेवला असता हो.