कानसेनांच्या घरची जोडी

“साहेब, ही जोडी नका घेऊ. ही गात नाही, ओरडते.”

मित्रांनो, माणसाच्या तोंडून माझ्याविषयी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. बोलणारा होता आमचाच दुकानदार. कुंपणानेच शेत खावं, तशातली गत. त्यानंतर पुष्कळ गाणी माझ्यातून आली आणि गेली, पण तो आवाज अजून माझ्या लाकडात बसून आहे.

मी एक जुना स्पीकर आहे, जोडीतला डावा. पुस्तकांच्या फळीवर मावावा एवढाच माझा जीव. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची माझी पेटी. खाली मोठं तोंड, त्याला वूफर म्हणतात. भरदार, घुमणारे आवाज त्याचे. वर लहान तोंड, त्याला ट्वीटर म्हणतात. बासरीची फुंकर, चमच्याची किणकिण, बारीक सूर सगळे त्याचे. जिने मला जोडलं त्या कामगार बाईने माझ्या कागदी पडद्याच्या कडेने अंगठ्याने गोंद फिरवला, तो इतक्या मायेने की वाटलं, आपण कुणाच्या तरी लाडाचे होणार. पण कंपनीने काटकसर केली ती नेमकी ट्वीटरमध्ये. त्यामुळे बारीक सूर माझ्यातून जरा जास्तच टोकदार निघत. ही माझी जन्मखूण. माझ्या जुळ्या भावाचीही तीच.

लाकडाचं माझं घर, कागदाचा माझा गळा,
दुसऱ्याच्या सुरापायी जन्म वाहिला सगळा.

दुकानात स्पीकरच्या तीन जोड्या होत्या. वरच्या फळीवर महागडी. लोक तिच्याकडे नुसतं बघून जात. मधल्या फळीवर मधल्या किमतीची, गोड गळ्याची. आणि तळाला आम्ही. गिऱ्हाईक आलं की दुकानदार एकच तबकडी लावी आणि एका बटणाने ती आळीपाळीने तिन्ही जोड्यांतून ऐकवी. आमची पाळी आली की लोक तोंड वाकडं करत. सहा महिने आम्ही दुसऱ्यांना गोड ठरवण्याच्याच कामी आलो.

एका सुट्टीच्या सकाळी आमचे होणारे मालक आले. सोबत बायको आणि दहा वर्षांची मुलगी. मुलीचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. ते एका मोठ्या कारखान्यात फिटर होते. चालू यंत्राला लांब पेचकस टेकवायचा, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि आत कुठला भाग झिजलाय ते न उघडता सांगायचं, ही त्यांची ख्याती. कारखान्यात सगळे त्यांना कानसेन म्हणत. मीही तेच म्हणतो.

“यांना फसवू नका हं,” भिंगरीची आई दुकानदाराला हसत म्हणाली. “यांचा कान म्हणजे सोनाराचा काटा आहे. वर्षभर पैसे साठवलेत त्या मधल्या जोडीसाठी.”

कानसेन स्टुलावर बसले. डोळे मिटले. तबकडी फिरू लागली. एक बाई गात होती आणि तिच्यामागे बासरी. महागडी जोडी वाजली. कानसेनांच्या कपाळाला आठ्या पडल्या, गर्दीत चुकलेलं माणूस शोधताना पडतात तशा. मधली वाजली. आठ्या तशाच. मग दुकानदाराने गंमत म्हणून आम्हाला लावलं. बासरी वर चढली, आणि मित्रांनो, त्या माणसाचा चेहरा असा मोकळा झाला, जसं शोधणाऱ्याला त्याचं माणूस समोरून येताना दिसावं.

“हीच द्या.”

तेव्हा दुकानदार ते वाक्य म्हणाला. भिंगरीने दोन्ही कानांवर हात ठेवले. “बाबा, नको ना! हे दाताला लागतात!”

“अहो, मधली ठरली होती ना आपली?”

कानसेन जमिनीकडे बघत म्हणाले, “मधली महाग आहे. एवढ्यात भागतंय की.”

“घ्या! कान राजाचा आणि खिसा चेंगटाचा!” आई म्हणाली, आणि सगळे हसले. कानसेनही हसले. पण सगळ्यांत शेवटी, बाकीच्यांची तोंडं बघून.

आमच्याबरोबर ॲम्प्लिफायरही आला. तो आमचा थोरला. आवाजाला बळ द्यायचं ते त्याने, आम्ही फक्त तोंडं. त्याला तीन बटणं: एक आवाजाचं, एक जाड सुरांचं, एक बारीक सुरांचं. कानसेन घरी आले की थोरल्याचा कान पिळावा तसं ते तिसरं बटण शेवटपर्यंत पिरगाळत. भिंगरी ते मागे फिरवी. ते पुन्हा पुढे. घरात आमच्या नावाने बोटं मोडली जात आणि पाहुणा आला की भिंगरी सांगे, “बाबांनी स्वस्तातले आणलेत ना, म्हणून किंचाळतात.” कानसेन ते मुकाट ऐकून घेत.

आणखी एक सवय होती त्यांना. खोलीत कुणी नसलं की ते माझ्या डोक्यावर तळहात ठेवून उभे राहत. आजारी लेकराचा ताप बघावा तसा.

मला त्याचं कोडं फार दिवस पडलं नाही. एका रविवारी दुपारी भिंगरीची आई तरातरा बाहेरच्या खोलीत आली.

“कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या! मी गच्चीवर ऐकल्या. आणि तुम्ही इथे बसून? भाजीचा कोळसा झालाय. कुठे लक्ष असतं हो?”

कानसेनांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, “झाल्या का शिट्ट्या?”

आई तशीच थबकली. हळूच त्यांच्या पाठीमागे गेली आणि त्यांचं नाव घेऊन कुजबुजली. त्यांनी मान वळवली नाही. ती समोर येऊन जमिनीवर बसली.

“कधीपासून?”

“वर्ष होऊन गेलं. गुपचूप डॉक्टरांना दाखवलं. कॉम्प्रेसरच्या खोलीतल्या गोंगाटात वीस वर्षं काढली ना. बारीक आवाज गेलेत. गेलेले परत येत नाहीत म्हणाले.”

“आणि कारखान्यात?”

“यंत्र हाताला कळतं अजून. पण कुणाला समजलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. कानसेन बहिरा! कोण ठेवेल?”

“कारखान्याला नका सांगू. पोरीला तरी सांगा.”

“तिच्या पोटात राहील का? उद्या शाळेत गाऊन येईल. आणि तूही नाही सांगायचंस. माझी शपथ आहे तुला.”

तेव्हा मला कळलं, मला का निवडलं ते. माझा जो दोष, तोच त्यांना उरलेला आधार होता. साऱ्या दुकानात बासरीचं टोक त्यांच्यापर्यंत पोचवणारी आमचीच जोडी. चेंगट म्हणवून घेणं त्यांना परवडत होतं. बहिरा म्हणवून घेणं परवडत नव्हतं.

पण माझा टोकदारपणा तरी किती पुरणार? वर्षागणिक त्यांच्या कानांतला काळोख वाढत गेला. आधी बासरी गेली. मग शब्द गेले, समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून उचलू लागले. आणि नेमकी त्याच वर्षांत भिंगरी गाऊ लागली.

काय सांगू तुम्हाला तिचा आवाज! बारीक, सरळ, सुईत ओवायच्या धाग्यासारखा. गाण्याच्या बाईंकडे शिके, कॅसेटवर आपलंच गाणं भरून आणी आणि माझ्यातून बाबांना ऐकवी. कानसेन डोळे मिटून बसत नसत आता. ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत. ती पुढे झुकली की हेही झुकत. तिने मान डोलावली की यांचीही डोले. गाणं संपल्यावर म्हणत, “छान.” दर वेळी “छान.” एकदा खोटं “छान” म्हटलं की खरं सांगायची वाट बुजत जाते. भिंगरीला वाटे, कानसेनांनी छान म्हटलं, आता जग काही म्हणो.

ती एकोणीस वर्षांची झाली तेव्हा एका मोठ्या गायनशाळेत जागा निघाली. शाळा घरापासून दूर होती, आणि गाणं कॅसेटवर भरून पाठवायचं होतं. तिने एकच गाणं दोनदा भरलं. पहिलं नितळ होतं. दुसऱ्यात मागचा ताल जोरकस होता, पण तिचा घसा बसलेला, आणि सर्वांत वरच्या सुराला आवाज फुटला होता.

आई त्या दिवशी मावशीकडे गेली होती. चेहरा वाचायला घरात कुणी नव्हतं.

“बाबा, खरं सांगा हं. पहिल्यात मला जीव वाटत नाही. दुसऱ्यात वर जरा चिरतोय आवाज, पण तिथेच काहीतरी आहे, असंही वाटतं. बाई म्हणतात पहिलं पाठव. मी तुमच्या कानावर सोडलंय.”

तिने दोन्ही वाजवली. कानसेन उठून माझ्याजवळ आले. तळहात माझ्या डोक्यावर ठेवला. पहिलं गाणं त्यांच्या हाताला लागलंच नाही. दुसऱ्यात ताल धडधडत होता. तो बोटांत उतरला. मित्रांनो, ओरडतो म्हणून जन्मभर बदनाम झालेला मी, त्या दिवशी खरोखर जीव तोडून ओरडलो. तो फुटलेला सूर मी जितका टोचेल तितका टोचवला. शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

“दुसरं,” कानसेन म्हणाले.

तिने त्यांना मिठी मारली.

महिन्याभराने पत्र आलं. भिंगरीने ते उभ्याउभ्याच वाचलं आणि मग मोठ्याने पुन्हा वाचलं, “वरचा सूर सरळसरळ फुटला आहे. पाठवण्याआधी एखाद्या जाणकाराला ऐकवायला हवं होतं.” आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसता पुसता थांबली.

“बाबा, तो सूर फुटलेला तुम्हाला ऐकू नव्हता आला?”

एका शब्दाचं काम होतं. नाही. एवढंच म्हणायचं होतं. आईने दाराची चौकट घट्ट धरली होती. कानसेन मुलीच्या ओठांकडे बघत होते. त्यांना प्रश्न कळला होता.

“आला होता,” ते म्हणाले.

“मग?”

“चालेल असं वाटलं.”

“चालेल?” ती हसली, पण ते हसू नव्हतं. “लोखंडाला कान लावून बसता तासतास. आणि माझ्यासाठी चालेल! तुम्ही ऐकलंच नाहीत, बाबा. कान असून ऐकलं नाहीत. कधीच.”

तिने कॅसेट काढली, डबीत घातली, डबी कपाटाच्या तळाशी ठेवली. रडली नाही, आदळआपट केली नाही. त्या घरात ती पुन्हा गायली नाही. पुढे कुठेच गायली नाही. एका कचेरीत नोकरीला लागली, दूर राहायला गेली. येई ती आईसाठी.

आमचा थोरला मग मुकाच झाला. माझ्या पडद्याची कड वाळून गळून पडली. जुळ्या भावाच्या पेटीवर औषधांच्या बाटल्या आल्या, माझ्यावर चष्म्याचं घर आणि पाण्याचा तांब्या. तांब्याच्या ओलीने माझी फळी फुगली. कानसेन निवृत्त झाले. कारखान्याची भीती संपली, पण लाज थोडीच निवृत्त होते? आई शेवटच्या आजारात त्यांचा हात धरून, ओठ मोठे हलवत म्हणे, “आता तरी सांगा तिला.” ते मान हलवत. शपथ काही त्यांनी सोडवली नाही. ती पोटातली गोष्ट पोटात घेऊनच गेली.

आणि मग म्हातारपणाने त्यांचं खोटं आपसूक झाकलं. सत्तरीतला माणूस बहिरा झाला, त्यात नवल कसलं? भिंगरी दर पंधरा दिवसांनी येई, घर आवरी, ओरडून बोले, नाहीतर पाटीवर लिही. तिच्या केसांतही आता पांढऱ्या तारा आल्या होत्या. लेक म्हणून तिचं काही चुकत नव्हतं. फक्त ती त्यांच्या शेजारी बसत नसे.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. आमच्यावर पाण्याची भांडी ठेवू नका, आम्हाला ओल लागू देऊ नका. पण आमचा पडदा फाटला तर कारागीर नवा बसवून देतो. गोंगाटाने खाल्लेलं तुमचं ऐकणं परत बसवून देणारा कारागीर मला आजवर भेटलेला नाही. म्हणून कान जपा. आणि तुमच्या घरातलं कुणी गोंगाटात राबत असेल, तर त्याला नुसतं “ऐकू येतं ना?” असं विचारू नका. तो हो म्हणेल. त्याच्या पाठीमागे उभे राहा आणि हळूच हाक मारा.

परवा सकाळी कानाचं यंत्र बसवणाऱ्या बाई घरी आल्या. भिंगरीनेच बोलावलं होतं. त्यांनी कानसेनांच्या कानात उजेड पाडून बघितलं, मग एक छापील कागद काढला आणि त्यातला प्रश्न पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे धरला: आजोबा, कधीपासून ऐकू येत नाही?

“चार-पाच वर्षं लिहा,” भिंगरी खिडकीचा पडदा सारखा करत म्हणाली. “वयाचंच आहे ते.”

बाई लिहू लागल्या. कानसेनांनी हात पुढे करून तळवा त्या कागदावर ठेवला.

“काय लिहिलंत? चार-पाच? खोडा ते.”

बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा निघतोय ते कळत नाही. खोली दणाणली. भिंगरी वळली.

“तू दहा वर्षांची होतीस तेव्हापासून,” ते तिला म्हणाले. कागदाकडे ते आता बघतही नव्हते.

“बाबा, काय बोलताय?”

“थांब. बोलू दे. परत जमणार नाही. तुझ्या आईला शपथ घातली होती मी, तिला बोल लावू नकोस. ते दुसरं गाणं मी हाताने निवडलं, भिंगरे. स्पीकरवर हात ठेवून. ताल लागत होता म्हणून. तू काय गात होतीस ते मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशीही नाही, त्याच्या आधीही नाही. आईचं तोंड बघून छान म्हणायचो. तू म्हणालीस, कान असून ऐकलं नाहीत. कान नव्हते गं, बाळा. तुझं गाणं मला एकदाही ऐकायला मिळालं नाही.”