पिवळ्या छत्रीच्या मागे मागे

मित्रांनो, बिबवेवाडीत रियाजभाईंच्या सहल कार्यालयात आलात, तर दारामागच्या खिळ्यावर उन्हाने फिकट झालेली एक पिवळी छत्री दिसेल. ती मीच. बाहेर रिक्षा भोंगे वाजवत असतात आणि मी इथे लटकून निळ्या पाण्याची स्वप्ने पाहत असते. आज मनातले एकदा सांगूनच टाकते.

मी जन्माने काळी. अंदमानच्या पहिल्या सहलीसाठी रियाजभाईंनी मला रविवार पेठेतल्या एका दुकानातून घेतले. गर्दीत कुणी चुकू नये म्हणून ते मला उंच धरून पुढे चालत. तरी त्या सहलीत दोन आजोबा दुसऱ्याच कुणाच्या काळ्या छत्रीमागे गेले आणि थेट नाशिककरांच्या पंगतीत जेवून आले! घरी परतल्यावर रियाजभाईंच्या पत्नी मेहजबीन यांनी माझे काळे कापड उसवले आणि हळदीसारखे पिवळे शिवले. "आता हरवून दाखवा म्हणावं," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून बारा वर्षे मी पुढे आणि पुणेकर मागे. खोटे कशाला बोलू, मला त्याचा फार गर्व होता.

दरवर्षी आम्ही अंदमानातल्या एका लहानशा बेटावर जात असू. ओहोटी लागली की किनाऱ्याजवळ गुडघाभर पाणी उरे. उन्हाची जाळी माझ्या कापडावर थरथरत राही आणि मला वाटे, मी छत्री नाहीच, वाट चुकलेला एखादा मासा आहे. रियाजभाई मला मिटून, टोक खाली करून पाण्यातल्या खडकाच्या फटीत रोवत आणि हाक मारत, "चला, छत्रीपाशी या!" चाळीस माणसे छपछप करत येत. माझ्या मुठीवर हात ठेवून एकेकाचा फोटो निघे. वारज्यापासून खराडीपर्यंत कितीतरी घरांच्या भिंतींवर मी आहे.

बेटाचेही भले झाले. नावाडी आनंदच्या एका होडीच्या दोन झाल्या, त्याची मुलगी शिकायला पोर्ट ब्लेअरला गेली, गावातल्या बायका आमच्यासाठी मासे-भात रांधू लागल्या. पण तिथली विहीर आटू लागली, कारण आमच्या मंडळींना दोन-दोन वेळा अंघोळ लागे. रिकाम्या बाटल्या नारळीच्या बुंध्यांशी साठू लागल्या. मी ते पाहिले आणि सोडून दिले.

गेल्या वर्षी आनंदने रियाजभाईंना होडीत बसवले आणि तळाला काच लावलेली लाकडी पेटी पाण्यावर टेकवली. काचेतून जांभळे, हिरवे प्रवाळ दिसले, त्यांतून फिरणारे मासे दिसले. पण मधोमध एक पांढराफटक गोल होता आणि किनाऱ्याकडून तिथवर आलेली तशीच पांढरी वाट. तिथे एकही मासा नव्हता.

"इथेच तुमची छत्री उभी असते," आनंद हळूच म्हणाला.

मित्रांनो, मी ज्याला खडक समजत होते तो जिवंत होता. प्रवाळ म्हणजे इवल्या जीवांची वस्ती, बोटभर वाढायलाही तिला वर्षे लागतात. माझ्या टोकाखाली कधीकधी काहीतरी कट्कन मोडायचे. ते मला ऐकू यायचे. त्याची मला आजही लाज वाटते.

गावच्या पंचायतीने ठरवले, यापुढे एकाचाही पाय प्रवाळावर पडला तर रियाजभाईंच्या सहली बंद. म्हणजे आनंदच्या होड्याही वाळूवर. रियाजभाईंनी चाळिसांऐवजी सोळाच माणसे न्यायचे ठरवले. अंघोळीला एकच बादली, आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून पुण्याला परत.

"म्हणजे पैसे भरून कचरा वाहायचा होय?" एका गृहस्थांनी विचारले.

"आपलाच आहे. जड नाही जायचा," रियाजभाई म्हणाले.

त्या सोळांत वारज्याच्या सुशीलाबाई होत्या. ही सहल त्यांनी आणि त्यांचे यजमान हिंमतराव यांनी मिळून ठरवली होती, पण हिंमतराव पावसाळ्यात वारले. त्यांच्या तसबिरीशेजारी आपला छत्रीपाशी उभा असलेला फोटो लावायचा, एवढी एकच इच्छा घेऊन सुशीलाबाई आल्या होत्या. आणि रियाजभाईंनी मला वाळूत रोवून सांगितले, पाण्यात कुणी जायचे नाही.

"अहो, आमच्या सोसायटीत सगळ्यांचे फोटो आहेत. नेमके माझ्याच वेळी बरं तुमचे नियम निघाले!"

रियाजभाई कारण न सांगताच होडीकडे वळले. सुशीलाबाईंनी मला उपटले, उंच धरले आणि त्या तरातरा पाण्यात शिरल्या. तेवढ्यात वाळूवर बसलेली माणसे एकेक करून उठली आणि मागे निघाली. कुणी काही विचारले नाही. पिवळी छत्री निघाली की निघायचे, ही सवय त्यांना विमानतळापासून लागली होती. आनंद होडीत ताडकन उभा राहिला. समोर वाळूचा तळ संपत होता आणि मला ओरडता येत नव्हते.

"काकू, थांबा!" रियाजभाई धावत आले. "पुढचं पाऊल टाकू नका. खाली जीव आहेत."

आनंदने होडी आणली आणि पेटी पाण्यावर धरली. सुशीलाबाई वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे पांढरं कशानं झालं हो?"

"माझ्यामुळे," रियाजभाई म्हणाले. "बारा वर्षं मीच सगळ्यांना इथे आणत होतो. तुम्हाला कारण सांगायची लाज वाटली."

"परत येतं का हे?"

"येईल, सावकाश," आनंद म्हणाला. "पाय पडले नाहीत तर."

सुशीलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या मुठीवरची त्यांची पकड सैल झाली. मग वळून त्या करड्या आवाजात म्हणाल्या, "मागे फिरा सगळे, आल्या पावली. फोटो वाळूतही निघतो."

परतताना माणसे पुढे होती आणि मी सगळ्यांत मागे. बारा वर्षांत असे पहिल्यांदाच घडत होते, आणि मला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही.

मित्रांनो, बेटे पाहायला जरूर जा. तिथल्या चुली तुमच्यामुळे पेटतात. पण पुढे कितीही ऐटदार छत्री चालत असली, तरी तिच्यामागे निघण्याआधी पायांखाली बघा. आम्हाला उंच धरले की खालचे काही दिसत नाही. ते तुम्हालाच पाहावे लागते.