टर्कीचा खिमा आणि नागपूरचे तिकीट

शुक्रवारी संध्याकाळी पावणेआठ वाजता श्रद्धा खोब्रागडे कंपनीच्या गाडीतून कोथरूडला उतरली, तेव्हा तिच्या हातात गोठलेली टर्की होती. पक्षी अख्खा होता, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. खराडीहून निघताना तो दगडासारखा होता. येरवड्यानंतर त्याचे पाणी गळू लागले आणि श्रद्धाची ओढणी भिजली.

तिच्या प्रोजेक्टचा अमेरिकन क्लायंट त्या आठवड्यात पुण्यात येणार होता. नेमका त्याच दिवसांत त्याच्याकडचा सण. घरापासून लांब आलेल्या माणसाला सणाचे जेवण मिळावे, म्हणून टीमने कॅम्पातल्या एका दुकानातून टर्की मागवून ऑफिसच्या पँट्रीत ठेवली होती. मग अमेरिकेतल्या मंदीत त्याच्या कंपनीने सगळे प्रवास रद्द केले आणि क्लायंटऐवजी त्याचा मेल आला. टीममधले निम्मे शाकाहारी, उरलेले पेइंग गेस्ट. स्वतःचे स्वयंपाकघर असलेली आणि मांस खाणारी एकटी श्रद्धाच निघाली.

दार सासऱ्यांनी उघडले.

“हे काय आणलं?”

“टर्की, बाबा.”

“कायले?”

“वाया जात होती.”

महिपती खोब्रागडे पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते. घर नागपूरला. पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखले, मुलगा सुदर्शन त्यांना पुण्याला घेऊन आला आणि इथेच त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले होते: रोज चालणे, तेल मोजून, रेड मीट बंद. महिपतींनी तिन्ही पाळले. मात्र त्या दिवसापासून ते जेवायला बसले की शिक्षा भोगायला बसल्यासारखे दिसत. तक्रार करत नसत. भाजीकडे बघत, मग सुदर्शनकडे बघत, आणि खात.

पुढच्या गुरुवारचे, दुपारच्या गाडीचे, नागपूरचे एक तिकीट त्यांनी स्वतः जाऊन काढले होते. ते फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली लावलेले होते, सगळ्यांना दिसेल असे. घर बंद राहिले तर वाळवी लागते, असे ते सांगत. वाळवीवर कोणाचाच विश्वास नव्हता. नागपूरच्या घराच्या कोपऱ्यावर एक खानावळ आहे आणि तिथल्या मटणाच्या रश्श्यावर बोटभर लाल तेल तरंगते. त्या तेलाला तिकडे तर्री म्हणतात.

“तिकडे गेले का हे महिनाभरात परत दवाखान्यात,” असे त्यांच्या पत्नी वेणूबाई सरळ म्हणत. “मी येणार नाही. मले इथं राहायचं आहे, अन् तुम्हालेही.”

तिकीट एकाच माणसाचे होते.

टर्की घरातल्या ओव्हनमध्ये मावली नाही. त्या ओव्हनमध्ये आजवर फक्त केक झाले होते. फ्रीझरमध्येही ती मावेना, म्हणून रात्रभर बर्फ घातलेल्या बादलीत राहिली. शनिवारी सकाळी सुदर्शनने ती स्कूटरवर पायांपाशी ठेवली, मागे वडिलांना बसवले आणि तो रंगरावांच्या मटणाच्या दुकानात गेला. महिपती मटण बंद झाल्यापासून पहिल्यांदाच त्या दुकानात आले होते. बाकावर बसून त्यांनी आकड्याला टांगलेल्या बकऱ्याकडे एकदा पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली.

रंगरावांनी प्लॅस्टिक सोडले आणि हात मागे घेतला.

“साहेब, मोर हाय का ह्यो? मोर आसंल तर आपण हात लावनार नाय. जेल हाय त्याला.”

“टर्की आहे,” सुदर्शन म्हणाला. “अमेरिकन.”

“मंग त्याचे कागद त्याच्याकडं आसतील.”

त्यांनी कातडी आणि चरबी काढून टाकली, हाडे वेगळी केली आणि लाकडी ओंडक्यावर सत्तुराने खिमा करायला घेतला. तंगडीपाशी आल्यावर ते थांबले. “हे बघा की. छाती कोंबडीगत पांढरी, आन् तंगडी पार बकऱ्यावानी लाल.”

महिपती बाकावरून उठले आणि जवळ गेले. “काय म्हणालात?”

“लाल म्हनलो.”

महिपतींनी चष्मा पुसून पाहिले. मांस लाल होते.

घरी आल्यावर त्यांनी डॉक्टरांचा कागद मागवला. “इथे रेड मीट बंद असं लिहिलंय. हे रेड आहे. मी प्रत्यक्ष पाहणी केली आहे.”

“बाबा, पक्षी आहे तो,” श्रद्धा म्हणाली. “पक्ष्याचं मांस व्हाइटमध्ये धरतात.”

“कोण धरतं? कागदावर रंग लिहिलाय, पक्षी लिहिलेला नाही. हे मला चालत असेल तर मटणही चालतं. मटण चालत नसेल तर हेही नाही. दोन्ही एकदम कसं मंजूर होईल?”

“बाबा, तुम्ही रिटायर झालात,” सुदर्शन म्हणाला.

“धुऊन पाहू का?” वेणूबाईंनी विचारले. “रंग निघाला तर तुमचाही प्रश्न मिटला.”

शेवटी डॉक्टरांना विचारायचे आणि खुलासा येईपर्यंत खायचे, असे ठरले. ही तडजोड महिपतींनीच सुचवली. खिमा स्टीलच्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये गेला आणि मटारची पाकिटे बाहेर आली.

रविवारी वेणूबाई सकाळच्या वंदनेला विहारात गेल्या होत्या. परत यायला उशीर झाला, म्हणून त्यांनी मटणाच्या खिम्याला लावतात तसा कुकर लावला, तशाच शिट्ट्या काढल्या आणि तेल डॉक्टरांच्या हिशेबाने घातले. मटणाच्या खिम्याला स्वतःची चरबी असते. रंगरावांनी या पक्ष्याची होती नव्हती तेवढी काढून टाकली होती. झाकण उघडले तेव्हा आत मटार होते आणि मटारभोवती करडी वाळू होती.

महिपतींनी एक घास खाल्ला. पाणी प्यायले. दुसरा खाल्ला.

“सॉ मिलमधून आणला का?”

त्यांनी तिसरा घास घेतला.

“नाही, चव आहे. लाकडाची आहे, पण आहे.”

श्रद्धाला हसू आवरेना. वेणूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचे लक्ष फ्रिजच्या दारावर गेले होते.

सोमवारी श्रद्धाने ऑफिसमध्ये इंटरनेटवर शोधले. अमेरिकेतल्या बायकांनाही हीच अडचण होती आणि त्यांनी तिच्यावर बारीक चिरलेले मश्रूम आणि किसलेला कांदा हा उपाय काढला होता. दोन्ही पाणी सोडतात आणि खिमा ओला राहतो. संध्याकाळी तिने तसेच केले, आले-लसूण-मिरची घातली, चपट्या टिक्क्या थापून तव्यावर झाकण ठेवून शिजवल्या आणि बेकरीतल्या पावात कांद्याच्या चकत्यांबरोबर घालून दिल्या. सुदर्शनने तीन खाल्ले. टिक्क्या खरोखरच रसरशीत झाल्या होत्या, हे वेणूबाईंनीही मान्य केले.

महिपतींनी एक पाव संपवला आणि ताटाभोवती पाहिले. “चांगलं आहे. रस्सा कुठाय?”

“याला रस्सा नसतो, बाबा.”

“मग हा नाश्ता झाला. जेवण कधी आहे?”

रात्री आवराआवर करताना वेणूबाई श्रद्धाला म्हणाल्या, “तुझं पाण्याचं बरोबर आहे, बाई. पण यांना मटणाची भूक नाही. यांना तर्री पाहिजे. ताटात लाल दिसलं नाही तर यांचं पोट भरत नाही.”

“आई, तेल मोजून आहे ना?”

“मोजून आहे. कधी घालायचं ते कुठं लिहिलंय?”

नवऱ्याच्या कागदाचे असे वाचन वेणूबाईंनी पहिल्यांदाच केले होते.

मंगळवारी सकाळी त्यांनी महिपतींना ताकातला भोपळा दिला, बिनफोडणीचा. दुपारी वरण, तेही बिनफोडणीचे, आणि उकडलेल्या शेंगा. त्यांच्या वाटचे दिवसभराचे तेल एका छोट्या वाटीत जमा होऊन ओट्यावर राहिले. महिपतींनी वाटी पाहिली.

संध्याकाळी वेणूबाईंनी जवस भाजून कुटले. जवस ओलावा धरून ठेवतात, हे त्यांना चटणीवरून ठाऊक होते. खिम्यात जवसाचे कूट, थोडे ज्वारीचे पीठ, गॅसवर भाजून ठेचलेला कांदा आणि आले-लसूण घालून त्यांनी तो मळला. त्याचे बोटाएवढे मुटके वळले. कुकरला हात लावला नाही. चाळणीवर ठेवून वाफवले. नंतर सुके खोबरे आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजला, खसखस आणि दगडफूल घालून वाटला, आणि रस्सा उकळत ठेवला. मुटके त्यात सोडल्यावर फुटले नाहीत. सगळ्यात शेवटी त्यांनी वाटीतले तेल फोडणीच्या कढल्यात गरम केले, आच बंद करून त्यात तिखट टाकले आणि सगळेच्या सगळे महिपतींच्या वाडग्यात वरून सोडले.

खोकला सगळ्यांनाच आला. सुदर्शनने बाल्कनीचे दार उघडले. शेजारच्या बाईंनी त्यांच्या बाल्कनीतून विचारले, “आज काही विशेष का?” आणि उत्तराची वाट न पाहता आपले दार लावून घेतले.

महिपती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे होते. मटण बंद झाल्यापासून जेवायची हाक मारण्याआधी ते कधी आले नव्हते.

“मीठ पाहू का?”

“बसा ताटावर. काय करून राहिले इथं?”

ते बसले. वाडग्यात पातळ लाल कड होती, बोटभर नव्हती, पण होती. त्यांनी भाकरीचा तुकडा त्या कडेला लावला. मुटका मोडला, आतून ओला होता. दुसरी भाकरी त्यांनी मागितली, तिसरी वेणूबाईंनी न विचारता वाढली.

“वेणू,” ते म्हणाले.

“हं?”

“तर्री आली.”

“दिसली ना?”

“दिसली.”

मग सुदर्शनकडे वळून ते म्हणाले, “तुझ्या आईने काहीतरी पळवाट काढली आहे. पण नियमात आहे.”

बुधवारी सकाळी फिरून येताना महिपती डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले आणि नंबर लावून आत गेले. आतली हकीकत त्यांनीच घरी सांगितली.

“टर्की?” डॉक्टर म्हणाले. “खोब्रागडेसाहेब, मी शाकाहारी. माझे पेशंट सदाशिव पेठेतले. हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही.”

“छाती पांढरी आहे, तंगडी लाल. खिमा एकत्र झालाय.”

“पक्षी आहे ना? माझ्या मते चालेल. कातडी नको.”

“माझ्या मते, असं नको. नक्की सांगा. आणि लेखी.”

“वाचून मेल करतो. तोवर कमी खा.”

“तंगडी लाल असून चालत असेल तर मग मटणही...”

“मटणाचं विचारू नका.”

डॉक्टरांनी मेलसाठी सुदर्शनचा पत्ता लिहून घेतला. तिथून महिपती रंगरावांकडे गेले. टर्की पुन्हा कधी मिळेल, हे त्यांना विचारायचे होते. कॅम्पात नाताळला येतील, असे रंगराव म्हणाले. तोवर कोंबडीच्या तंगडीचा खिमा कातडी काढून असाच करून देऊ, तोही कोरडा पडतो, तेव्हा तुम्ही सांगता ते जवस त्यालाही लागतील. महिपतींनी ही माहिती घरी जशीच्या तशी सांगितली. गुरुवारबद्दल काही सांगितले नाही.

संध्याकाळी त्यांची बॅग पलंगाजवळ उघडी होती. आत कपडे होते, औषधे होती. चालायचे बूट दाराशीच होते. जेवण झाल्यावर त्यांनी फ्रीझरमधला खिम्याचा शेवटचा डबा काढून खालच्या कप्प्यात ठेवला, म्हणजे सकाळपर्यंत त्याचा बर्फ सुटेल.

“उद्याच्यासाठी?” वेणूबाईंनी विचारले.

“हो.”

“दुपारचा की रात्रीचा?”

महिपतींनी फ्रिजचे दार लावले. “सुटू तर दे आधी.”

“भाकऱ्या किती माणसांच्या टाकू, एवढंच विचारते.”

“सकाळी सांगतो.”

गुरुवारी सकाळी वेणूबाई उठल्या तेव्हा महिपती फिरायला गेलेले होते. बूट जागेवर नव्हते, बॅग पलंगाजवळ होती. फ्रिजच्या दारावर नुसते लोहचुंबक होते, तिकीट नव्हते. सुदर्शनने खिसे, बॅग आणि टीव्हीचा खण पाहिला. तिकिटांची खिडकी आठला उघडते आणि रद्द करायचे तर तिकीट हातात लागते, असे श्रद्धा म्हणाली. गाडीला जायचे तरी तिकीट हातात लागते, असे वेणूबाई म्हणाल्या. महिपतींचा मोबाइल नेहमीप्रमाणे घरीच चार्जिंगला लावलेला होता.

साडेआठपर्यंत ते परतले नव्हते. डॉक्टरांचा मेल आलेला नव्हता. खिमा सुटला होता. वेणूबाईंनी जवस भाजायला घेतले आणि भाकरीचे पीठ चार माणसांचे काढले.