चांदीच्या पालाडैतलं दूध

"दुधाचं डॉक्टरिणीला कळू द्यायचं नाही हं, उगाच ओरडेल ती. सुनेची काळजी नको, तिला तोंडच कुठाय!"

भुवनेश्वरीबाई स्वयंपाकघरात आपल्या मुलाला, प्रणवेशला, हळूच म्हणाल्या. अंगणात माझ्या टोपलीपाशी बसलेल्या सुनेनं, शांभवीनं, ते ऐकलं. मीही ऐकलं.

मी कावेरीतली पाणमांजर बोलतेय. तमिळ माणसं मला पाण्यातलं कुत्रं म्हणतात, हे मराठी घर मांजर म्हणतं. मला कुणी विचारलेलं नाही.

माझा जन्म तिरुवैयारुच्या खालच्या अंगाला, बांबूच्या मुळांतल्या बिळात झाला. आईनं मानगूट धरून पाण्यात टाकलं तेव्हा पोहायला शिकले. श्वास कोंडायचा, मासा दिसला की झेप घ्यायची. आमची सगळी मिळकत म्हणजे छाती.

नदी आटली, म्हणून काल संध्याकाळी कालव्याकडे जायला रस्ता ओलांडत होते. मोटरसायकलचा दणका बसला. बरगड्यांत काहीतरी कट्‌कन मोडलं. मोटरसायकलवाला थांबला नाही, मागून येणारा प्रणवेश थांबला. टॉवेलात गुंडाळून त्यानं मला मराठे राजांच्या जुन्या राजवाड्यामागच्या गल्लीत आपल्या घरी आणलं.

माणसं मायाळू. पण या घरात मासा शिरत नाही. म्हणून आज सकाळी भुवनेश्वरीबाईंनी चांदीची पालाडै काढली. लांब चोचीची ही वाटी, तान्ह्या प्रणवेशला हिनंच दूध पाजलेलं.

"धर गे डोकं," त्या सुनेला म्हणाल्या. "छाती घरघरतेय, चिमूटभर सुंठ घातलीय. पी गे राजात्ती, पी माझी राणी."

मला उताणी धरून त्यांनी धार सोडली. माणसांची बाळं अशी पीत असतील. मी ठसकले. अर्धं दूध पोटात गेलं, अर्धं छातीत. शांभवीनं डोकं तसंच धरून ठेवलं. लग्नाला दोनच महिने झालेत. या घरात ती 'हो' म्हणते, नाहीतर मान डोलावते.

तेव्हापासून श्वास घेतला की आत बुडबुडे फुटतात. जन्मभर नदीत राहिले, पाणी कधी आत शिरू दिलं नाही. आणि बुडाले कुठे, तर कोरड्या टोपलीत.

आता जनावरांच्या दवाखान्यात थंड टेबलावर पडलेय. डॉक्टर राजम माझ्या छातीला नळी लावून ऐकतायत. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बरगड्या मोडल्यात, फुप्फुसाला मार आहे. पण उजवीकडे एवढी खरखर कसली?" त्यांनी वर पाहिलं. "बरगड्या बघायला भूल द्यावी लागेल. तोंडावाटे काही दिलंत? भरल्या पोटी भूल दिली तर उलटी होऊन इथंच जाईल ही."

"अय्यो, काही नाही डॉक्टर," भुवनेश्वरीबाई म्हणाल्या. "पाणीसुद्धा नाही."

प्रणवेश भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. ते मागच्या वर्षीचं होतं.

डॉक्टरांनी सुई भरली. मी जगेन अशी मला फारशी आशा नाही, आणि बाईंचा रागही नाही. त्यांनी पाजलं ते मायेनंच. पण माझ्या छातीत काय आहे, ते कुणीतरी सांगा हो. मी ओरडले तर नाकातून नुसता फेस येतो.

शांभवीनं माझ्या पाठीवरचा हात काढला नाही. सासूकडे बघत ती म्हणाली,

"आत्याबाई, तुम्ही पाजलंत, डोकं मी धरलं होतं. डॉक्टर, सुई थांबवा. सकाळी हिला पालाडैभर दूध दिलंय, अर्धं छातीत गेलंय."